उरलेल्या ब्याऐंशींचा हिशेब

वर्षातून दोन दिवसांची वर्तमानपत्रं मी रद्दीत जाऊ देत नाही. एक १४ एप्रिलचं आणि दुसरं २६ जूनचं, म्हणजे शाहू महाराजांच्या जयंतीचं, ज्याला सरकार सामाजिक न्याय दिन म्हणतं. दोन्ही दिवशी पानभर जाहिरात असते. वर महामानवाचा फोटो, खाली मंत्र्यांचे फोटो (संख्येने जास्त), आणि मधल्या चौकटीत आकडे. अमुक योजनेचे इतके लाख लाभार्थी, तमुक योजनेवर इतके कोटी खर्च. एवढे आकडे असतात, पण त्या लाखांचं पुढे काय झालं याचा आकडा मला अजून एकाही चौकटीत सापडलेला नाही.

मुळात 'लाभार्थी' हा शब्दच मला खटकतो. लाभ देणारा वर उभा आहे आणि घेणारा खाली ओंजळ धरून आहे, असं चित्र त्यात आहे. संविधानाच्या ४६व्या कलमाने दुर्बल घटकांच्या शैक्षणिक आणि आर्थिक हितसंवर्धनाची जबाबदारी राज्यावर टाकली आहे. जबाबदारी पार पाडली की नाही हे विचारताना ओंजळ धरावी लागत नाही. पण ते असो. आजचा विषय शब्दाचा नाही, मोजण्याचा आहे.

या आकड्यांवर दोन प्रकारची माणसं बोलतात. पहिले सरकारी. त्यांच्या लेखी पैसे खात्यात गेले की योजना यशस्वी. दुसरे आपले व्हॉट्सॲप ग्रुपवरचे शाळासोबती. ते तोच आकडा उचलतात आणि विचारतात, "पंचाहत्तर वर्षं सवलती घेतल्या, काय फरक पडला? बंद करा आता." दोघांपैकी एकालाही त्या पैशाने कुणाच्या घरात काय झालं हे ठाऊक नसतं, आणि जाणून घ्यायची इच्छाही नसते.

आणि आपण? आपण बहुतेक वेळा गप्प बसतो. ही गप्प बसण्याची सवय मी चळवळीतल्या चांगल्या चांगल्या कार्यकर्त्यांमध्ये पाहिली आहे. कारण भीती आहे. योजना नीट चालत नाही असं आपणच जाहीर म्हटलं, तर दुसरा गट ते वाक्य कापून घेईल आणि योजनाच बंद करायला वापरेल. ही भीती खोटी नाही. पण म्हणून मोजपट्टीच दुसऱ्याच्या हातात द्यायची का?

या प्रश्नाचं उत्तर शोधताना मला दरवेळी १९२७ साल आठवतं.

१९२७ म्हटलं की आपल्याला महाड आठवतं, आणि ते बरोबरच आहे. पण चवदार तळ्याच्या आठ दिवस आधी, १२ मार्चला, मुंबई विधिमंडळात नवे नियुक्त सदस्य म्हणून बाबासाहेब शिक्षणावरच्या अनुदानावर बोलायला उभे राहिले होते. ते भाषण आपल्याकडे फार कमी वाचलं जातं. सरकार सांगत होतं, शाळा वाढल्या, मुलं वाढली. बाबासाहेबांनी सरकारच्याच अहवालातला आकडा काढून समोर ठेवला: प्राथमिक शाळेत दाखल झालेल्या शंभर मुलांपैकी चौथीपर्यंत पोहोचतात अठरा. उरलेली ब्याऐंशी पुन्हा निरक्षरतेत परत जातात. मग त्यांनी प्राथमिक शिक्षणाचा हेतू काय हे सांगितलं. शाळेच्या दारातून आत आलेलं मूल साक्षर होऊनच बाहेर पडलं पाहिजे आणि पुढे आयुष्यभर साक्षर राहिलं पाहिजे. म्हणजे दारातून आत किती आले हे मोजून काम भागत नाही, बाहेर पडताना कोण काय घेऊन पडलं ते मोजा.

त्याच भाषणात त्यांनी दुसरं एक काम केलं. एकूण सरासरीवर न थांबता त्यांनी समाजवार आकडे मांडले. कॉलेजातल्या मुलांचं प्रमाण सांगताना दोन लाख लोकसंख्येमागे पुढारलेल्या हिंदूंचे एक हजार, आणि मागास वर्गाचा शून्य. सरासरी काढली असती तर हा शून्य कुठेतरी लपून गेला असता. शिवाय सरकार शिक्षणावर डोईमागे चौदा आणे खर्च करतं आणि दारूवरच्या करातून डोईमागे दोन रुपयांहून जास्त वसूल करतं, हाही हिशेब त्यांनी मांडला. कोलंबिया आणि लंडनमध्ये अर्थशास्त्र शिकलेला माणूस सरकारी योजना कशी तपासतो, ते या एका भाषणात दिसतं.

आता नीट पाहा. शंभरातली ब्याऐंशी मुलं गळतात, म्हणजे शाळा अपयशी, म्हणून शाळा बंद करा, असं बाबासाहेब म्हणाले का? त्यांनी उलट जास्त पैसे मागितले, आणि ते गळणाऱ्यांना डोळ्यापुढे ठेवून खर्च करा असं सांगितलं. अपयश उघड मांडायचं आणि त्याच अपयशाच्या जोरावर हक्क वाढवून मागायचा, ही पद्धत त्यांनी १९२७ मध्येच घालून दिली आहे. आपल्या गप्प बसण्याला त्यात कुठे जागा आहे?

मी गेली काही वर्षं आमच्या तालुक्याच्या गावी बुद्धविहाराच्या वाचनालयात शिष्यवृत्तीचे फॉर्म भरून द्यायचं काम करतो. आम्ही तिघे-चौघे आहोत. एक जुना लॅपटॉप, मोबाइलचा हॉटस्पॉट आणि सेतू केंद्राच्या चकरा. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती ही देशातली फार जुनी योजना आहे. १९४४ साली ती सुरू झाली, तेव्हा बाबासाहेब व्हाईसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खात्याचे मंत्री होते. माझ्या आधीच्या पिढीतले आमच्या भागातले वकील, मास्तर, बँकेतले साहेब, जवळजवळ सगळे या पैशावर आणि वसतिगृहाच्या भातावर शिकले. म्हणून ही योजना निकामी आहे असं मी कधीच म्हणणार नाही. ती काय करू शकते हे मी माझ्या घरात पाहिलं आहे.

पण आजचं चित्र सांगतो. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, आधारला जोडलेलं खातं, मग महाडीबीटीवर अर्ज. अर्ज कॉलेजच्या लॉगिनला जातो आणि तिथे पडून राहतो. तिथला बाबू म्हणतो समाजकल्याणला विचारा, समाजकल्याण म्हणतं कॉलेजला विचारा. कुणाचं खातं बंद पडलेलं, कुणाच्या आधारवर नावात एक काना कमी. ही कटकट आता घराघरात माहीत आहे, म्हणून लांबवत नाही. एका मुलीचं मात्र सांगायला हवं.

तिची आई आणि वडील दरवर्षी दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचे. ती आजीजवळ राहून बारावी झाली आणि शहरात एका खाजगी कॉलेजात पदवीला लागली. प्रवेशाच्या वेळी कॉलेजने हमीपत्र लिहून घेतलं की शिष्यवृत्ती आली नाही तर फी आम्ही भरू. पहिल्या वर्षाचे पैसे आले, उशिरा. दुसऱ्या वर्षी एक भाग आला, एक आला नाही. तिसऱ्या वर्षी परीक्षा झाली, ती पास झाली, आणि कॉलेजने मेमो आणि टीसी अडवून ठेवली. "बाकी भर आणि घेऊन जा." तिला एका ठिकाणी नोकरीसाठी मूळ कागदपत्रं घेऊन बोलावलं होतं. ती तारीख निघून गेली. तिने मला फोन केला तेव्हा रडत नव्हती. "दादा, पोर्टलवर माझं ॲप्रूव्हड दाखवतंय. मग मला कागद का देईनात?" एवढंच विचारत होती.

या मुलीचा योजनेच्या तक्त्यात काय हिशेब लागतो? ती तीन वर्षं शिकली, तीन वर्षं तिचा अर्ज मंजूर झाला. म्हणजे तीन वर्षांच्या तीन तक्त्यांत ती तीन वेळा लाभार्थी. तीन यशं. आणि तिचा अडकलेला कागद, हुकलेली नोकरी, आईने त्या वर्षी मुकादमाकडून घेतलेली जादा उचल, यांचा रकाना त्या तक्त्यात नाहीच.

आम्ही माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचं तिकीट लावून अर्ज टाकला. साधा प्रश्न: आपल्या कार्यालयाने मागच्या पाच वर्षांत ज्या विद्यार्थ्यांची शिष्यवृत्ती मंजूर केली, त्यांपैकी किती जणांनी अभ्यासक्रम पूर्ण केला आणि किती जणांनी मध्येच सोडला? उत्तर एका ओळीचं आलं. सदर माहिती या कार्यालयात संकलित केली जात नाही.

वाचून संताप आला, पण आश्चर्य वाटलं नाही. आपण ज्याची किंमत करतो त्याचीच नोंद ठेवतो. तालुक्यातल्या कुठल्या साखर कारखान्याला किती टन ऊस गेला आणि त्यातून किती टक्के उतारा आला, हे दर हंगामात दोन दशांश चिन्हांपर्यंत छापून येतं. शिष्यवृत्तीच्या उताऱ्याची मात्र नोंदच नाही.

बरं, हे सरकारला माहीत नाही असंही नाही. डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ही योजना नव्याने मंजूर केली. पाच वर्षांत चार कोटींहून जास्त विद्यार्थ्यांसाठी ५९ हजार ४८ कोटी रुपये, केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के. त्या वेळच्या सरकारी निवेदनात एक फार महत्त्वाचं वाक्य होतं. दहावीनंतर ज्यांचं शिक्षण थांबतं अशा सर्वांत गरीब घरांतल्या १ कोटी ३६ लाख मुलांना पाच वर्षांत उच्च शिक्षणाच्या प्रवाहात आणायचं. हा झाला योजनेचा खरा हेतू, सरकारने स्वतः लिहून दिलेला. आणि त्याच निवेदनात असंही होतं की योजनेचं सामाजिक लेखापरीक्षण होईल, दरवर्षी त्रयस्थ संस्थेकडून मूल्यमापन होईल, प्रत्येक शिक्षणसंस्था दर सहामाहीला स्वतःचा तपासलेला अहवाल देईल.

आता जाहिरातीतली चौकट पुन्हा वाचा. तिथे आकडा असतो एकूण लाभार्थ्यांचा. त्यात जी मुलं योजना नसतानाही कशीतरी शिकलीच असती तीही आहेत, आणि जी योजनेमुळेच दहावीच्या पुढे गेली तीही. दोघांची बेरीज करून योजना तपासली जात नाही. योजना नसती तर काय झालं असतं, आणि योजना असल्यामुळे काय झालं, या दोहोंतला फरक म्हणजे योजनेचं काम. १ कोटी ३६ लाख हा आकडा त्या फरकाचा होता.

हाच घोळ दुसरीकडून पाहा. डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना २०१६-१७ पासून आहे. सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही तर भोजन, निवास आणि निर्वाहासाठी थेट खात्यात पैसे. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत वर्षाला ६० हजार, इतर महापालिकांच्या शहरांत ५१ हजार, जिल्ह्याच्या ठिकाणी ४३ हजार. योजना चांगली आहे, मी तिच्या बाजूने मोर्चात चाललो आहे. पण तिला किमान गुणांची अट आहे. आणि पैसे वर्ष संपत आल्यावर येतात, म्हणजे खोलीचं भाडं आणि मेसचे पैसे आधी घरून भरता आले पाहिजेत. मग या योजनेत टिकणार कोण? ज्याचे गुण बरे आहेत आणि ज्याच्या घरी आठ-दहा महिने उधारीवर काढायची ऐपत आहे तो. तो पास होणारच. उद्या कुणी अहवाल लिहिला की स्वाधारची मुलं चांगल्या टक्क्यांनी पास होतात, तर त्यातलं किती श्रेय योजनेचं आणि किती त्या चाळणीचं? जो पोरगा सप्टेंबरमध्येच पिशवी घेऊन गावाकडे परतला त्याला त्या अहवालात कुणी शोधणार नाही. शंभरातल्या उरलेल्या ब्याऐंशींतला तो आहे.

इथे कुणी म्हणेल, निर्वाहभत्ता तर मिळतोच की. मिळतो. २०१० मध्ये ठरलेले दर जवळपास दहा वर्षं तसेच होते. वसतिगृहात राहणाऱ्या अकरावी-बारावीच्या मुलाला महिन्याला ३८० रुपये, म्हणजे दिवसाला तेरा रुपयेही नाहीत. तेरा रुपयांत दोन वेळ जेवून दाखवणाऱ्या अधिकाऱ्याला मी वाचनालयातर्फे शाल-श्रीफळ द्यायला तयार आहे. २०२१ नंतर दर वाढवले, तेव्हा सर्वांत वरच्या गटातल्या वसतिगृहातल्या विद्यार्थ्याला वर्षाचे १३ हजार ५०० झाले. महिन्याचे भागून पाहा.

आतापर्यंत वाचून वाटेल की माझी तक्रार एवढीच आहे की सरकार फुगवून सांगतं. पण मोजपट्टी चुकीची असली की खरं यशसुद्धा दिसत नाही, आणि हे मला एका माळरानावर उभं राहून कळलं.

कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबळीकरण व स्वाभिमान योजना २००४ पासून आहे. भूमिहीन, दारिद्र्यरेषेखालच्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध कुटुंबांना चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन. आधी निम्मं अनुदान आणि निम्मं बिनव्याजी कर्ज होतं, २०१८ पासून पूर्ण अनुदान झालं आणि दर एकरी जिरायतीला पाच लाख, बागायतीला आठ लाखांपर्यंत वाढवला. विधवा आणि परित्यक्ता बायांना प्राधान्य. ज्या दादासाहेबांनी १९५९ आणि १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह केले, ज्यात लाखो माणसं तुरुंगात गेली, त्यांच्या नावाची ही योजना. गावात दलिताला जमीन विकायला कोण तयार होतो, आणि तयार झाला तर कुठली जमीन काढतो, हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही. काळी कसदार कुणी देत नाही. माळ देतात, मुरमाड, जायला रस्ता नाही, बांधावरून जायचं तर शेजारी अडवतो.

आमच्या भागात एका विधवा मावशींना अशी जमीन मिळाली. आम्ही काही जण पाहायला गेलो. विहीर नाही, बोअर घेतलं ते कोरडं. तूर आणि बाजरी. पावसाने साथ दिली तर चार पोती, नाही तर घरापुरतंही नाही. शेतीखात्याच्या नजरेने पाहिलं तर हा खर्च पाण्यात गेला. मी मावशींना म्हटलं, "मावशी, यात भागत नाही ना?"

त्या म्हणाल्या, "न्हाई भागत बाळा. पर आता पाटलाच्या रानात जात न्हाई म्या. बोलावणं येतं. म्हणते, माझ्याच रानात काम हाय."

नंतर कळलं की त्यांनी गेल्या दोन ग्रामसभांत वस्तीच्या नळाचा प्रश्न उभं राहून विचारला. आधी त्या ग्रामसभेला जायच्याच नाहीत, कारण ज्याच्या शेतात रोज जायचं त्याच्यासमोर उभं राहून बोलायचं कसं? सातबाऱ्यावर नाव लागल्यावर तोंड उघडता आलं.

आता सांगा, ही योजना फसली की फळाला आली? एकरी उत्पन्नाने मोजाल तर फसली. जातीने जखडलेल्या मजुरीतून एक बाई सुटली का असं मोजाल तर फळाला आली. योजनेच्या नावात 'स्वाभिमान' हा शब्द सरकारनेच घातला आहे, पण स्वाभिमानाचा रकाना कुठल्याच तपासणी-अर्जात नाही. आणि उलटंही होतं. कागदावर चार एकर, प्रत्यक्षात कसतो जुनाच मालक, आणि जिच्या नावावर जमीन आहे ती त्याच शेतात रोजाने जाते. तक्त्यात दोघीही सारख्याच, एक एक लाभार्थी. दोघींतला फरक शोधायला वाटप झाल्यानंतर पाच वर्षांनी शेतात जावं लागतं आणि नांगर कुणाचा चालतो ते पाहावं लागतं. कचेरीत बसून तो दिसत नाही.

मोजमापातला सर्वांत निर्लज्ज प्रकार मात्र व्याख्येतून होतो. हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेवर बंदी घालणारा आणि पुनर्वसनाची हमी देणारा २०१३चा कायदा त्याच वर्षी ६ डिसेंबरला लागू झाला. २०११च्या सामाजिक-आर्थिक जातगणनेत ग्रामीण भागातच अशा कामावर जगणारी १ लाख ८२ हजारांवर कुटुंबं नोंदली गेली होती, त्यांतली ६३ हजारांवर महाराष्ट्रातली. पुढे २०१३ आणि २०१८च्या सर्वेक्षणांतून अख्ख्या देशात ५८ हजार ९८ माणसं ठरवली गेली, महाराष्ट्रात सव्वासहा हजारांच्या आसपास. २०१८चं सर्वेक्षण शिबिरं भरवून झालं. शिबिरात येऊन, चारचौघांत, मी मैला उचलतो असं सांगेल त्याची नोंद. ठरलेल्या सगळ्यांना प्रत्येकी ४० हजार रुपये एकदा दिले आणि पुनर्वसनाचा तक्ता भरला. २०२१ मध्ये केंद्रीय सामाजिक न्याय राज्यमंत्री, जे आपल्याच चळवळीतून तिथे गेले आहेत, संसदेत सांगतात की हाताने मैला उचलण्यामुळे एकही मृत्यू नोंदवलेला नाही. आणि हेच सरकार दुसऱ्या उत्तरात सांगतं की गटारं आणि सेप्टिक टाक्या साफ करताना २०१९ ते २०२३ या पाच वर्षांत ३७७ माणसं मेली. कारण कायद्यात 'हाताने मैला साफ करणारा' वेगळा आणि 'गटाराची धोकादायक सफाई' वेगळी. माणूस तोच, जात तीच, टाकी तीच. रकाना बदलला की पहिल्या रकान्यात शून्य दाखवता येतं.

आपल्यातले काही अभ्यासू मित्र म्हणतात, हे मूल्यमापन वगैरे विद्यापीठातल्या लोकांचं काम आहे, त्यांना आपली वस्ती म्हणजे प्रयोगशाळा वाटते. या रागाला कारण आहे. पण मोजणारा कोण आणि प्रश्न कुठला, यावर सगळं ठरतं. प्रा. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास घ्या. वर्तमानपत्रातल्या नोकरीच्या जाहिरातींना त्यांनी सारख्याच शिक्षणाचे अर्ज पाठवले, बदललं फक्त नाव. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणं येण्याचं प्रमाण दोन-तृतीयांशाच्या आसपास निघालं. "शिष्यवृत्त्या देऊनही यांना नोकऱ्या मिळत नाहीत" असं जो म्हणतो, त्याला हा अभ्यास दाखवा. योजना पोराला दारापर्यंत नेते, दार आतून कोण लावतं ते कुठल्या रकान्यात लिहायचं?

शिवाय आपल्याकडे त्याहून जुनं उदाहरण आहे. १९२८ मध्ये अस्पृश्यांच्या स्थितीची चौकशी करायला मुंबई सरकारने स्टार्ट समिती नेमली, तिचे एक सदस्य बाबासाहेब होते. तिच्या कामासाठी १९२९ मध्ये खानदेशात फिरताना चाळीसगावला एकही टांगेवाला त्यांना न्यायला तयार होईना. शेवटी टांगा चालवण्याची सवय नसलेल्या समाजातल्याच एकाने तो हाकला, पुलावर टांगा उलटला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला. तपासायला गेलेल्या माणसालाही जात असते. तो कुणाच्या टांग्यात बसून वस्तीत येतो, कुणाच्या ओट्यावर पाणी पितो, यावर त्याला काय दिसेल हे ठरतं. म्हणून आपल्या योजनांची तपासणी फक्त त्रयस्थांवर सोडून चालणार नाही.

(मुळात पैसेच दुसरीकडे वळवले तर तपासायला उरतं काय, हा वेगळा लेख आहे. २०२५ मध्ये सामाजिक न्याय विभागाचा निधी लाडकी बहीण योजनेसाठी वळवला तेव्हा त्या खात्याच्या मंत्र्यांनीच जाहीर नाराजी व्यक्त केली. आंध्र आणि कर्नाटकाने २०१३ मध्येच अनुसूचित जाती उपयोजनेचा कायदा केला. महाराष्ट्रात आपण अजून कायद्याची मागणीच करतो आहोत.)

आमच्या वाचनालयात आम्ही आता एक वही घातली आहे. फॉर्म भरायला आलेल्या प्रत्येकाचं नाव, वर्ग, कॉलेज. पैसे कोणत्या तारखेला आले, किती आले, तोवर खर्च कुणी केला आणि किती व्याजाने. आणि दरवर्षी मे महिन्यात फोन करून विचारायचं, आता कुठे आहेस? थांबली असेल तर नेमकी कुठे थांबली: फीला, खोलीच्या भाड्याला, घरच्यांनी लग्न ठरवल्यामुळे, वर्गात कुणी जातीवरून बोलल्यामुळे? हा शेवटचा रकाना भरायला सर्वांत वेळ लागतो. फोनवर कुणी पटकन सांगत नाही, घरी जाऊन बसावं लागतं. बहुतेक वेळा पोराऐवजी आईच सांगते. लग्न झालेल्या मुलींचे नंबर बदललेले असतात, त्यांना शोधायचं काम आमच्यातल्या दोन मुलींनी घेतलं आहे.

ती अडकलेल्या मेमोवाली मुलगी सध्या एका दवाखान्यात कच्च्या पगारावर रिसेप्शनला आहे. तिची टीसी आम्ही शिष्टमंडळ नेऊन सोडवून आणली, मेमो अजून बाकी आहे. वहीत तिच्या नावापुढे 'पूर्ण' लिहायचं की 'थांबली', यावर आमच्यात बरीच वादावादी झाली. शेवटी तिलाच विचारलं. ती म्हणाली, कागद हातात आल्यावर लिहा.

माहिती अधिकाराचं पहिलं अपील दाखल केलं आहे. या वेळी प्रश्न बदलले आहेत. आपल्या जिल्ह्यातल्या कोणकोणत्या महाविद्यालयांनी सहामाही अहवाल दिले, त्याच्या प्रती द्या, आणि सामाजिक लेखापरीक्षण कोणत्या गावात, कोणत्या तारखेला झालं ते सांगा, असा वेगळा अर्जही सोबत टाकला आहे. तुमच्या तालुक्यात कुणी असे अर्ज टाकणार असेल तर मसुदा मागून घ्या, पाठवतो. सुनावणीची तारीख आली की कळवीन.

जयभीम.